पस्तिशी आली तरी गेम सुटत नाही? पुण्यातल्या 'मोठ्या झालेल्या' गेमर्सची गोष्ट

"एवढा मोठा घोडा झालास, अजून गेम खेळतोस?"

हे वाक्य तुम्ही ऐकलं नसेल, तर एकदा तरी कुणाला तरी ऐकवलं असेल. पूर्वी ते आई-वडील म्हणायचे. आता नवरा किंवा बायको म्हणते, सासूबाई नुसतं बघतात आणि ऑफिसात कुणी विचारलंच, तर "मुलासाठी घेतलाय प्लेस्टेशन" असं सांगून वेळ मारून नेली जाते.

पण खरी परिस्थिती काय आहे? हिंजवडीत दिवसभर काम करून, वाकडच्या ट्रॅफिकमधून घरी येऊन, पोरांना झोपवून रात्री साडेदहाला हेडफोन कानाला लावणारी मंडळी आज पुण्यात भरपूर आहेत. त्यात बाप्ये आहेत, बायका आहेत, दोन पोरांचे आई-बाबा आहेत. गृहकर्जाचे हप्ते वेळेवर जातात, पोरांची फी भरलेली असते, आणि तरीही "हे वय आहे का गेम खेळायचं?" हा प्रश्न काही पाठ सोडत नाही.

या प्रश्नाचं उत्तर दोन टोकांना जाऊन मिळत नाही. "गेम म्हणजे व्यसन" हेही चूक आणि "गेमने कुणाचं काही बिघडत नाही" हेही चूक. म्हणून जरा सुरुवातीपासून बघू.

ही पिढी आली कुठून?

नव्वदच्या दशकात मराठी घरात गेम आला तो 'टीव्ही गेम' या नावाने. जपानमध्ये १९८३ साली निन्टेंडोने फॅमिकॉम नावाचं यंत्र काढलं. त्याच्या स्वस्त नकला आपल्या बाजारात आल्या. पुण्यात इलेक्ट्रॉनिक वस्तू म्हटलं की बुधवार पेठेतली तापकीर गल्ली. मे महिन्याच्या सुट्टीआधी पोरं वडिलांचा हात धरून अशा दुकानांत यायची. सोबत दोन रिमोट, एक बंदूक आणि '९९९९ इन वन' लिहिलेली पिवळी कॅसेट. प्रत्यक्षात तेच ते पाच-दहा गेम फिरून फिरून यायचे, ही गोष्ट वेगळी.

मारिओ १९८५ चा. त्याच्याबरोबर काँट्रा आणि बदकं मारायचा डक हंट. कॅसेट चालली नाही की तिच्यात फुंकर मारायची, हे शास्त्र कुणी शिकवलं नव्हतं, तरी प्रत्येक पोराला येत होतं. गेम सेव्ह करायची सोय बहुतेकदा नसायची. लाइट गेली की आठव्या लेव्हलवरून थेट पहिल्यावर!

ज्यांच्या घरी टीव्ही गेम नव्हता, त्यांच्यासाठी गल्लीतलं पार्लर होतं. तासावर पैसे. पुढे कॉम्प्युटर आले, सायबर कॅफे आले. २००० च्या आसपास काउंटर-स्ट्राइक, आयजीआय, एज ऑफ एम्पायर्स आणि मग जीटीए व्हाइस सिटी. इंजिनीअरिंगच्या हॉस्टेलमध्ये केबल टाकून रात्र रात्र चाललेल्या मॅचेस आठवणारे आज कुठल्यातरी कंपनीत मॅनेजर आहेत. २००६ च्या शेवटी आलेला ईए क्रिकेट ०७ तर नवीन खेळाडू, नवीन जर्सी आणि नवीन स्टेडियमचे पॅच टाकून पुढची कित्येक वर्षं खेळला गेला.

त्यानंतरचा मोठा टप्पा म्हणजे मोबाइल. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं आणि डेटा स्वस्त झाला. मार्च २०१८ मध्ये पब्जी मोबाइल आला आणि तोवर गेमला हात न लावलेली माणसंही खेळायला लागली. २ सप्टेंबर २०२० ला सरकारने पब्जीवर बंदी घातली. जुलै २०२१ मध्ये तो बीजीएमआय या नावाने परतला, जुलै २०२२ मध्ये पुन्हा बंद झाला आणि मे २०२३ मध्ये पुन्हा आला. त्या वेळी खेळण्याच्या वेळेवर मर्यादा होती. १८ वर्षांखालच्यांना दिवसाला ३ तास आणि मोठ्यांना ६ तास. म्हणजे मोठ्या माणसालाही कुणीतरी "पुरे आता" म्हणायची वेळ येऊ शकते, हे यात गृहीत धरलेलं होतं.

थोडक्यात, आज जे पस्तीस-चाळिशीत आहेत, ती आपल्याकडची पहिली पिढी, जिच्या बालपणात व्हिडिओ गेम होता. त्यांच्या आई-वडिलांच्या लेखी गेम म्हणजे पोरांची वस्तू होती, कारण त्यांनी मोठं माणूस गेम खेळताना कधी पाहिलंच नव्हतं. वाद तिथूनच सुरू होतो.

मोठ्यांनी खेळायचं नाही, असं पुण्यात होतं का?

अजिबात नाही. उलट पुण्याचा इतिहास मोठ्या माणसांच्या खेळांनी भरलेला आहे.

बॅडमिंटनचंच घ्या. एकोणिसाव्या शतकात पुण्याच्या लष्करी छावणीतले ब्रिटिश अधिकारी हा खेळ इतका खेळायचे की त्याला 'पूना' असंच नाव पडलं होतं. खेळाचे सुरुवातीचे नियमही इथेच तयार झाले. खेळणारे सगळे नोकरीतले, मिशीवाले गृहस्थ होते. १९०६ साली डेक्कन जिमखाना सुरू झाला आणि १९१४ साली त्यांच्याच पुढाकाराने खो-खोचे नियम लेखी आले. मैदानात पोरं धावत होती, पण नियम ठरवत बसलेली माणसं मोठीच होती.

शिवाय गणेशोत्सवातल्या कॅरमच्या स्पर्धा, पारावरचा बुद्धिबळाचा डाव, रविवारचा ब्रिज. रिटायर झालेले काका रोज संध्याकाळी तीन तास पत्ते खेळतात, तेव्हा त्यांना "वाढलं वय, आली का अक्कल?" असं कुणी विचारत नाही.

मग गेमच्याच वाट्याला हे का? एक कारण म्हणजे वर सांगितलेली पोरांच्या वस्तूची प्रतिमा. दुसरं कारण जास्त खरं आहे. पत्त्यांचा डाव चारचौघांत दिसतो. गेम खेळणारा माणूस मात्र हेडफोन लावून भिंतीकडे तोंड करून बसलेला असतो. तो चौघांशी बोलत असतो, पण घरातल्यांना त्यातला एकच दिसतो, आणि तोही घरातल्यांशी बोलत नसतो!

पूर्वीचा कट्टा आता हेडफोनमध्ये

शाळेतले चार मित्र घ्या. एक कोथरूडला, एक बंगळुरूला, एक दुबईत आणि एक न्यू जर्सीत. भेट होते ती दोन-तीन वर्षांतून एकदा, कुणाच्या तरी लग्नात. फोन करावा तर "काय मग, बाकी काय?" याच्या पुढे गाडी जात नाही. पण शनिवारी एकत्र गेम लावला की दोन तास गप्पा होतात. कुणाच्या वडिलांचं ऑपरेशन आहे, कुणाची नोकरी जायच्या बेतात आहे, हे "मागे बघ, मागे बघ" च्या मधे सहज निघून जातं. समोरासमोर बसून मन मोकळं करणं ज्यांना जमत नाही, त्यांना हाताला काहीतरी काम असलं की बोलता येतं.

यात अडचण वेळेची. पुणे आणि न्यू जर्सीत ऋतूप्रमाणे साडेनऊ किंवा साडेदहा तासांचं अंतर. इकडची शनिवारची रात्र म्हणजे तिकडची सकाळ. कुणाला तरी झोप मोडावी लागते आणि कुणाच्या तरी घरचा नाश्ता थंड होतो.

वय वाढलं की खेळही बदलतो

"आता पूर्वीसारखं जमत नाही राव," असं म्हणणाऱ्यांसाठी एक संशोधन आहे. कॅनडातल्या सायमन फ्रेझर विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४ मध्ये स्टारक्राफ्ट २ हा गेम खेळणाऱ्या १६ ते ४४ वयोगटातल्या ३,३०५ जणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. बदललेल्या परिस्थितीला प्रतिसाद द्यायचा वेग साधारण २४ व्या वर्षापासून मंदावायला लागतो, असं त्यात दिसलं. म्हणजे पंचविशी गाठेपर्यंत उतरण लागलेली असते!

पण त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. वयाने मोठे खेळाडू गेममधल्या सोयी आणि शॉर्टकट हुशारीने वापरून ही उणीव काही प्रमाणात भरून काढताना दिसले. हात हळू झाला की डोकं वापरायचं, हे क्रिकेटमध्येही चालतं आणि इथेही.

बाकी बदल तर अनुभवाचे आहेत. विशीत माणूस सर्वात अवघड लेव्हल निवडतो, चाळिशीत गुपचूप 'इझी' वर टाकतो. विशीत वेळ असतो आणि पैसे नसतात, चाळिशीत उलटं. नोव्हेंबर २०१५ मध्ये स्टीम या ऑनलाइन दुकानाने रुपयांत किमती लावल्या. तेव्हापासून सेल आला की गेम घ्यायचे आणि खेळायचे राहून जायचे, हा अनेकांचा छंदच झालाय. घरात न वाचलेली पुस्तकं असतात ना, तसंच. २ फेब्रुवारी २०२१ ला प्लेस्टेशन ५ भारतात आला तेव्हा त्याची किंमत ४९,९९० रुपये होती. इतका मोठा खर्च घरात न विचारता केला, तर वाद गेमचा राहत नाही, न विचारण्याचा होतो.

पुण्यात काहींनी याचंच करिअर केलं

"गेम खेळून पोट भरणार आहे का?" या प्रश्नाला पुण्यात दिलेली उत्तरंही आहेत.

२००८ साली युबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीने पुण्यातला गेमलॉफ्टचा स्टुडिओ ताब्यात घेतला. जस्ट डान्ससारख्या जगभर चालणाऱ्या मालिकेच्या कामात पुण्याच्या टीमचा वाटा राहिला. २०२० मध्ये प्रिन्स ऑफ पर्शिया: द सँड्स ऑफ टाइम या गाजलेल्या गेमची नवी आवृत्ती पुणे आणि मुंबईच्या स्टुडिओकडे असल्याचं जाहीर झालं. ट्रेलरवर मात्र खूप टीका झाली आणि २०२२ मध्ये ते काम माँट्रियलच्या स्टुडिओकडे गेलं. ज्या पोरांनी लहानपणी तो राजपुत्र खेळवला, त्यांच्या शहरात तो यावा आणि हातातून निघून जावा, हे अनेकांना लागलं.

दुसरी गोष्ट 'राजी: अॅन एन्शंट एपिक'ची. श्रुती घोष, अविचल सिंग आणि इयन मॉड यांनी पुण्यात नॉडिंग हेड्स गेम्स हा छोटा स्टुडिओ सुरू केला. सर्कशीत काम करणारी राजी नावाची मुलगी राक्षसांनी पळवलेल्या आपल्या भावाला, गोलूला, शोधायला निघते आणि तिच्यामागे दुर्गा उभी राहते, अशी कथा. २०१७ मध्ये किकस्टार्टरवर लोकवर्गणीचा प्रयत्न केला, पण ठरवलेली रक्कम जमली नाही. बहुतेक प्रकल्प इथे संपतात. हा संपला नाही. ऑगस्ट २०२० मध्ये गेम निन्टेंडो स्विचवर आला, ऑक्टोबरमध्ये बाकी यंत्रांवर आला आणि त्याच वर्षी द गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणातल्या सर्वोत्तम इंडी गेमसाठी त्याला नामांकन मिळालं.

तिसरं नाव सुपरगेमिंग. मास्कगन हा मोबाइल गेम चालवणारी ही पुण्यातली कंपनी. तिने ऑक्टोबर २०२४ मध्ये भारतीय कल्पनाविश्व घेऊन 'इंडस' हा बॅटल रोयाल गेम आणला.

स्पर्धात्मक गेमिंग, म्हणजे ई-स्पोर्ट्सला डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने क्रीडा मंत्रालयाच्या कक्षेत आणलं. हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत ई-स्पोर्ट्सला पदकंही होती.

पण इथे एक सावधगिरीची गोष्ट. गेम बनवणं म्हणजे कोडिंग, चित्रकला, संगीत, लेखन आणि परीक्षणाची नोकरी. चांगलं खेळता येणं ही तिची पात्रता नाही. व्यावसायिक खेळाडू होणारे तर क्रिकेटसारखेच हजारात एखादे. नोकरी सोडून स्ट्रीमर व्हायचा विचार असेल, तर आधी हे गणित मांडा.

मग व्यसन कधी म्हणायचं?

जागतिक आरोग्य संघटनेने 'गेमिंग डिसऑर्डर'चा आपल्या आजारांच्या यादीत समावेश केला. ती यादी मे २०१९ मध्ये स्वीकारली गेली आणि १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. त्यात तीन गोष्टी बघतात.

१. खेळण्यावर ताबा राहत नाही. कधी सुरू करायचं, किती वेळ खेळायचं, कधी थांबायचं, काहीच हातात नसतं.

२. बाकी आवडीनिवडी आणि रोजची कामं मागे पडून गेमच सगळ्यात पुढे येतो.

३. नुकसान दिसत असूनही खेळणं चालूच राहतं किंवा वाढतं.

यामुळे घर, नातेसंबंध, शिक्षण किंवा नोकरी यांवर ठळक परिणाम झालेला असावा लागतो, आणि हे साधारण वर्षभर चाललेलं असावं लागतं. यात "दिवसाला इतके तास" असा आकडा नाही, हे लक्षात घ्या. रविवारी सलग पाच तास खेळलेला माणूस आजारी ठरत नाही. आणि रोज दोनच तास, पण त्यासाठी नोकरी धोक्यात घालणारा माणूस "मी कुठे जास्त खेळतो?" म्हणून सुटत नाही.

ऑक्सफर्डच्या संशोधकांनी २०२२ मध्ये सात गेम खेळणाऱ्या जवळपास ३९ हजार प्रौढांचा अभ्यास केला. खेळाडूंनी सांगितलेले तास न घेता, त्यांच्या संमतीने कंपन्यांकडची प्रत्यक्ष नोंद घेतली. खेळण्याच्या वेळेचा मनःस्वास्थ्यावर परिणाम नगण्य निघाला. फरक पडत होता तो खेळण्यामागच्या कारणाने. मजा येते म्हणून खेळणारे बऱ्या मनःस्थितीत होते. खेळावंच लागतंय, असं वाटून खेळणारे नव्हते.

हे 'खेळावंच लागतंय' कुठून येतं? फुकट मिळणाऱ्या अनेक गेमची रचनाच तशी असते. रोजची हजेरी लावली तर बक्षीस, चुकवली तर मालिका तुटते. सीझन संपायच्या आत पास पूर्ण करा, नाहीतर भरलेले पैसे वाया. ही वस्तू फक्त तीन दिवस मिळेल. पेटी उघडा, आत काय निघेल ते नशीब. अशा पेट्यांवर बेल्जियमने २०१८ मध्ये जुगार म्हणून कारवाई केली. तेव्हा स्वतःला विचारायचा प्रश्न सोपा आहे: आज या गेमने कुठलंच बक्षीस दिलं नसतं, तरी मी खेळलो असतो का?

पैशाचा गेम ही वेगळीच गोष्ट

मारिओ आणि ऑनलाइन रमी यांना एकाच शब्दात 'गेम' म्हटल्यामुळे घराघरात मोठा घोळ झाला. पैसे लावून खेळायच्या ॲपमध्ये हरलेली रक्कम परत मिळवायला माणूस आणखी पैसे लावतो. तिथून उधारी, झटपट कर्ज देणारी ॲप्स, मोडलेली एफडी, गहाण ठेवलेलं सोनं, असा प्रवास होतो. पगारदार मोठ्या माणसाला हा धोका पोरांपेक्षा जास्त, कारण बँकेचं ॲप त्याच्याच मोबाइलमध्ये असतं.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा मंजूर केला आणि २२ ऑगस्टला राष्ट्रपतींची त्यावर सही झाली. या कायद्यात पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर बंदी आहे, मग तो कौशल्याचा असो की नशिबाचा. असे गेम चालवणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैद आणि १ कोटीपर्यंत दंड होऊ शकतो. जाहिरात करणाऱ्यालाही शिक्षा आहे. खेळणाऱ्याला मात्र गुन्हेगार धरलेलं नाही. ई-स्पोर्ट्स आणि पैसे न लावता खेळायचे गेम यांना उलट प्रोत्साहन द्यायचं म्हटलंय. कायद्याला न्यायालयात आव्हान दिलं गेलंय, पण मोठ्या ॲप्सनी पैशांच्या स्पर्धा लगेच थांबवल्या.

याच्या महिनाभर आधी महाराष्ट्रात काय गाजलं ते आठवत असेल. तत्कालीन कृषिमंत्री माणिकराव कोकाटे सभागृहात मोबाइलवर रमी खेळत असल्याचा आरोप करणारा व्हिडिओ व्हायरल झाला. आपण खेळत नव्हतो, असं त्यांनी सांगितलं. पुढे त्यांच्याकडचं कृषी खातं गेलं आणि क्रीडा खातं आलं. त्यावर किती मीम आले, ते सोशल मीडियाने पाहिलंच आहे.

घरात वाद होतोय? मग हे करून बघा

पहिली गोष्ट न खेळणाऱ्यांसाठी. ऑनलाइन मॅच मधेच थांबवता येत नाही. बॅटल रोयालची एक मॅच शेवटपर्यंत गेली तर अर्धा तास चालते, आणि मधेच उठलं तर बाकीचे तिघे अडकतात. त्यामुळे "आत्ताच्या आत्ता ऊठ" ऐवजी "ही मॅच झाली की ये, पुढची लावू नकोस" हे जास्त चालतं.

दुसरी गोष्ट खेळणाऱ्यांसाठी. मॅच लावायच्या आधी घरात विचारा. कुकर लावलाय, पाहुणे येणार आहेत, बाळ उठायच्या बेतात आहे, आणि तुम्ही अर्ध्या तासाची मॅच लावली, तर चूक गेमची नाही.

तिसरं, वेळ दोघांचा मोजा. नवऱ्याला रोज दीड तास गेमला मिळतो आणि बायकोला स्वतःसाठी पंधरा मिनिटंही मिळत नाहीत, असं असेल तर भांडण गेमबद्दल नाहीच. ओट्यावरची भांडी कोण घासतंय, याबद्दल आहे. गेमर बायको असेल, तर हेच उलटं लागू.

चौथं, झोप. रात्री दीडला "शेवटची एक" म्हणणं विशीत परवडतं. चाळिशीत दुसऱ्या दिवशी आठला गाडी चालवायची असते. अलार्म उठण्यासाठी लावता, तसा थांबण्यासाठी लावा.

पाचवं, पैसे. महिन्याची एक रक्कम ठरवा आणि गेमच्या खात्याला थेट कार्ड जोडून ठेवू नका.

मदत कुठे मिळेल?

स्वतःहून थांबता येत नसेल, तर त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. केंद्र सरकारची टेली-मानस ही हेल्पलाइन ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. नंबर १४४१६. फोन मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं. पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये सुरू केलेलं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र आहे. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने तर खास मोबाइल आणि इंटरनेटच्या अतिवापरासाठी २०१४ पासून 'शट' नावाचं क्लिनिक चालवलंय.

आणि हे काहीच लागू होत नसेल, झोप नीट आहे, पैसे जागेवर आहेत, घरचे बोलतायत आणि काम होतंय, तर शनिवारी रात्री बिनधास्त खेळा. सासूबाईंनी विचारलं तर "मुलासाठी घेतलाय" असं सांगायची गरज नाही. त्यांच्याही मोबाइलमध्ये कँडी क्रश असेल, एकदा विचारून बघा.